वर्ण सावळा, बांधा मध्यम

मी हरवले नव्हते. हे मी आजवर किती जणांना सांगितलं याची गणती नाही. तरीही ठाकुर्ली स्टेशनच्या पुलावर कुणीतरी भेटतंच, माझ्या दंडावर हात ठेवतं आणि हळू आवाजात विचारतं, "आता बरं वाटतंय ना?" मला काय झालं होतं, असं मी विचारलं की समोरचं माणूस समजूतदारपणे मान हलवतं. ती मान बघितली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी एकोणपन्नास वर्षांची आहे. ठाकुर्लीला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते आणि त्यातल्याच एका खोलीत नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. लग्न केलेलं नाही. जमलं नाही असं नव्हे, केलं नाही. दरवर्षी मार्चमध्ये दहावीचा गणिताचा पेपर होतो आणि एप्रिलच्या मध्यावर पुढची बॅच सुरू होते. मधले तीन आठवडे माझे. माझे म्हणजे म्हणायला माझे. ते कधी भावाकडच्या पापडांत गेले, कधी भाचीच्या लग्नाच्या खरेदीत, कधी कुणाच्या तरी बायकोबरोबर दवाखान्यात बसण्यात. "तू मोकळीच आहेस ना," असं म्हणून लोक माझी सुट्टी उचलून नेत असत आणि मी नेऊ देत असे. या वर्षी मी पाठीवर घ्यायची सॅक विकत घेतली आणि कंबोडियाचं तिकीट काढलं. का, तर जायचं होतं म्हणून. याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

ही बातमी सांगायला मी घोडबंदर रोडला भावाकडे गेले. भाऊ एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. आई त्याच्याकडेच असते. आमचं गाव माजिवड्याच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला. वडिलांची थोडी भातशेती आणि बाकी सगळ्यांचे हात मिठागरात. आई लग्नाआधी आणि लग्नानंतरही मिठागरात राबली. आता शेती नाही, मिठागर नाही, जमिनीच्या बदल्यात आलेला फ्लॅट आहे आणि त्याच्या गॅलरीतून तिला खाडीची एक बारीक पट्टी दिसते.

"कुठल्या टूरवाल्यांबरोबर?" भावाने विचारलं.

"कुठल्याच नाही."

"मग ग्रुप कोणाचा आहे?"

"ग्रुप नाही रे. मी एकटी जातेय."

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने आधी भावाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "ताई, काही झालंय का?" तिच्या आवाजात खरोखर काळजी होती, आणि तीच मला टोचली. मी म्हटलं, काही झालेलं नाही. ती म्हणाली, मग एकटी कशाला? हा प्रश्न असा फिरत फिरत अर्धा तास चालला. मी कसल्याशा कामाला जाते म्हणाले असते तर चाललं असतं. देवदर्शनाला म्हटलं असतं तर वहिनीने प्रसादाला डबा दिला असता. कुणाशी भांडून निघाले असते तरी त्यांना समजलं असतं. नुसतं फिरायला, एकटीनं, हे मात्र कुणाच्या गळी उतरेना. आई कोपऱ्यात वाल सोलत बसली होती. ती मान वर न करता एवढंच म्हणाली, "जाव दे तिला."

भावाने अट घातली. घरच्यांचा एक ग्रुप काढायचा, त्यावर मी दिवसातून तीनदा मेसेज टाकायचा, सकाळी, जेवताना आणि झोपताना. गावाला निघालेल्या माणसाने पोचल्याचा फोन करायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. तो फोन येईपर्यंत घरात कुणी नीट जेवत नाही. ती रीत मला मान्य आहे. पण पोचल्याचा फोन एकदा असतो, दिवसातून तीनदा नाही. मी हो म्हणाले, ही माझी चूक. लगोलग "ताईची ट्रिप" नावाचा ग्रुप निघाला आणि त्यात माझ्या ओळखीची नसलेली चार माणसं होती.

तर गेले. नॉम पेनला उतरल्यावर पहिल्या तासात मला कळलं की मी सॅकमध्ये निम्मं सामान उगाच भरलंय. इस्त्री केलेले चार पंजाबी ड्रेस, स्टीलचा डबा, पोळपाटाएवढी जाड प्रवासाची पुस्तकं. डोळ्यांसमोर अंधारी येईल असं ऊन, आणि त्या उन्हात मी गेस्टहाऊस शोधत एकाच गल्लीला तीन फेऱ्या मारल्या. काउंटरवरच्या बाईने विचारलं, किती जण? मी एक बोट वर केलं. तिने माझ्या पाठीमागे दारात पाहिलं. मी पुन्हा एक बोट दाखवलं. मग तिने किल्ली दिली.

तो प्रश्न पुढे रोज आला. बसच्या तिकिटाला, जेवायच्या टेबलाला, होडीत बसताना. गोऱ्या मुली विशीतल्या, एकट्या फिरत होत्या, त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. मला मात्र जो तो विचारी, तुमचा ग्रुप कुठे आहे? आपल्या देशातली माणसं टूरवाल्याच्या झेंड्याच्या मागे मागे चालतात, हे तिथे सगळ्यांनी पाहून ठेवलंय. एका गेस्टहाऊसमध्ये मी कंटाळून सांगितलं की नवरा उद्या येतोय. बोलून गेले आणि स्वतःचीच चीड आली. जो नवरा मी एकोणपन्नास वर्षांत घरात आणला नाही, तो मी परदेशात, एका अनोळखी बाईच्या समाधानासाठी, एका वाक्यात आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईने दोन कप कॉफी आणली. मी दोन्ही प्यायले आणि पुढच्या बसने निघाले.

पण दिवस मजेत होते, हे सांगायलाच हवं, कारण हेच कुणी ऐकून घेत नाही. सकाळी रस्त्याकडेला बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शेवयांचं गरम पाणीदार कालवण खायचं. बारा माणसांच्या व्हॅनमध्ये अठरा जण, मांडीवर कुणाची तरी कोंबडी. दुपारी पंख्याखाली आडवं व्हायचं आणि संध्याकाळी नदीकाठी नुसतं बसायचं. कुणी हाक मारत नव्हतं. चहा टाकू का, गॅस बंद केलास का, अमुकचा फोन आला होता का, काही नाही. एकदा तर मी दिवसभर एक शब्दही बोलले नाही आणि झोपताना लक्षात आलं की आपण आज बोललोच नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

फक्त ते तीन मेसेज. भात आणि मासा, असा फोटो टाकला की वहिनीचं उत्तर, "एकट्याच जेवताय?" नदीचा फोटो टाकला की भावाचं, "पाण्याजवळ जाऊ नकोस." आणि त्या अनोळखी चौघांपैकी एक जण रोज हात जोडलेलं चित्र टाकत असे. तिसऱ्या दिवसापासून मला जेवताना घास तोंडात घालायच्या आधी फोटोची आठवण व्हायला लागली आणि जेवणाची चव गेली.

दुसऱ्या आठवड्यात मी कांपोत नावाच्या गावी पोचले. नदीकाठचं, मिरीच्या मळ्यांचं गाव. तिथून सायकलवर तासाभराच्या अंतरावर मिठागरं आहेत, असं गेस्टहाऊसच्या मालकिणीने सांगितलं. मी सकाळी लवकर निघाले. रस्ता संपला, बांध सुरू झाला, आणि दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोन. मी सायकल खाली टाकून उभीच राहिले. वास तोच. खारा, चिखलाचा, उन्हात तापलेला. लहानपणी आई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या पदराला यायचा तो. मला रडू आलं. उगाच नाही आलं, पण कशासाठी आलं ते आजही नीट सांगता येणार नाही.

बायका लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढत होत्या. ढीग लागले की पाट्या भरायच्या आणि खांद्यावरच्या कावडीने शेडमध्ये न्यायच्या. मी बांधावर बसून बघत होते. मला आईने कधी मिठागरात उतरू दिलं नाही. हातात पुस्तक दिलं आणि सांगितलं, तू शिकायचं. त्यामुळे मिठागरवाल्यांची पोर असून मला मीठ कसं ओढतात ते माहीत नव्हतं. एका बाईने मला हाताने बोलावलं. वयाने माझ्याएवढीच असेल. तिने फळी माझ्या हातात दिली, मी ओढली आणि मिठाबरोबर खालचा चिखलही वर काढला. सगळ्या हसल्या. फळी दाबायची नाही, नुसती वरवर सरकवायची, असं तिने मला हात धरून दाखवलं. दहाव्या खेपेला मीठ पांढरं निघालं. तेव्हा माझ्या शिकवणीत अडलेलं गणित सुटलेल्या मुलाला जसा आनंद होतो तसा मला झाला.

मग मी शहाणपणा केला. आईला दाखवायला फोटो काढावा म्हणून खिशातून फोन काढला आणि तो ओल्या हातातून निसटून थेट खारट पाण्यात गेला. बाहेर काढला तेव्हा तो मेलेला होता. मी दुपारपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्याबरोबर भात खाल्ला, शेडच्या सावलीत पाय पसरून बसले. परतल्यावर गेस्टहाऊसच्या मालकिणीने फोन पुसून तिच्या तांदळाच्या डब्यात पुरला आणि उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

दुसऱ्याच्या फोनवरून कळवता आलं असतं का? आलं असतं, पण मला एकही नंबर पाठ नव्हता. भावाचाही नाही. गणिताच्या बाईंना नंबर पाठ नाहीत, हसा खुशाल. मेल करता आला असता, तोही मी केला नाही. सकाळी फोन सुरू होईल तेव्हा बघू, असं ठरवलं. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी जेवणाचा फोटो काढला नाही आणि जेवण पोटभर गेलं. तेवढा एक दिवसाचा गुन्हा माझा. तो मला कबूल आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू झाला आणि थरथरायचा थांबेचना. घरच्या ग्रुपवर, क्लासच्या ग्रुपवर, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, सगळीकडे माझा फोटो. भाचीच्या लग्नातला, नटूनथटून काढलेला, बाजूच्या माणसाचा खांदा अर्धवट कापलेला. आणि खाली मजकूर. तो मला तोंडपाठ आहे.

"हरवल्या आहेत. वरील फोटोतील महिला, वय ४९, अविवाहित, वर्ण सावळा, बांधा मध्यम, अंगात निळा पंजाबी ड्रेस, या कंबोडिया येथून कालपासून संपर्कात नाहीत. मानसिक तणावाखाली असण्याची शक्यता. कोणास आढळल्यास कृपया प्रेमाने बोलावे व खालील नंबरवर कळवावे. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा."

मी तो तीनदा वाचला. निळा ड्रेस मी गेल्या दिवाळीत घातला होता, आदल्या दिवशी माझ्या अंगात पॅन्ट होती आणि ती गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. वर्ण सावळा, ठीक. बांधा मध्यम, हेही कुणीतरी मेहेरबानी करूनच लिहिलं होतं. पण मानसिक तणाव? प्रेमाने बोलावे? मी काय पिसाळलेली होते की कुणाला चावत सुटले होते? भाषा मी ओळखली. भावाच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस याच भाषेत लावतात.

भावाला फोन लावला. तो हॅलोसुद्धा म्हणाला नाही, हुंदके द्यायला लागला. "ताई, अगं आम्ही मेलेलो गं. मी झोपलेलो नाही, काही खाल्लेलं नाही." तो खरंच रडत होता. धाकटा भाऊ रडत असताना त्याच्यावर कसं ओरडणार? मी त्याची समजूत काढली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ओरडायचं होतं ते राहूनच गेलं, आणि वर मीच त्याला सॉरी म्हणाले होते. त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. तो मजकूर मागे घे, एवढं मात्र मी त्याला सांगितलं. त्याने तासाभरात दुसरा मेसेज टाकला, "ताई सुखरूप सापडली. सर्वांचे मनापासून आभार." सापडली! मी गेस्टहाऊसच्या पायरीवर पपई खात बसले होते, तिथेच सापडले असणार.

पहिला मेसेज सगळीकडे पोचतो, दुसरा पोचत नाही. याचा अनुभव चार दिवसांनी अंगकोरच्या देवळात आला. मी एका खांबाला टेकून पाणी पीत होते. समोरून झेंडा आला आणि झेंड्यामागे तीसेक माणसं, डोक्यावर एकसारख्या टोप्या. कल्याणची मंडळी होती. एक काकू थबकल्या, फोन काढला, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अगंबाई, तुम्ही त्याच ना? हरवलेल्या?"

"मी हरवले नव्हते."

"हो हो, बरोबर," त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या. प्रेमाने बोलावे, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. "बसा हं. घाबरू नका. आपलीच माणसं आहोत आम्ही." आणि त्यांनी माझं मनगट धरलं. धरलं ते सोडेचनात. दुसरीने चिवड्याचा डबा उघडला. तिसऱ्या एका गृहस्थांनी झेंडेवाल्याला बोलावलं आणि माझ्यादेखत त्याला सांगितलं, "या त्याच बाई. यांना बसमध्ये घेऊ, एकटं सोडायचं नाही." मी सगळं सांगितलं. घरी फोन झालाय, मी सुट्टीवर आलेय, चार दिवसांनी परत जाणार आहे, परत गेल्यावर दहावीच्या पोरांना त्रिकोणमिती शिकवणार आहे. त्या सगळ्याला काकू "हो ना, हो ना" म्हणत होत्या आणि मनगट घट्ट धरत होत्या. जितकं मी शांतपणे बोलत होते तितकी त्यांची खात्री पटत होती. शेवटी माझा आवाज चढला. मी म्हटलं, हात सोडा माझा. काकूंनी झटक्यात सोडला आणि बाकीच्यांकडे बघून डोळ्यांनी खूण केली, की बघा.

त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढलाच. त्यात मी लालबुंद, केस विस्कटलेले, हातात चिवड्याची पुडी. "सापडल्या, पण बऱ्याच डिस्टर्ब वाटल्या," अशा ओळीसकट तो माझ्याआधी ठाकुर्लीला पोचला.

मी परत आले तेव्हा दारात चपला नव्हत्या. दरवर्षी एप्रिलमध्ये नाव नोंदवायला येणाऱ्या आयांच्या चपला माझ्या पायरीवर मावत नाहीत. या वर्षी फोन आले. एकीने सांगितलं, मुलीला यंदा दुसरीकडे टाकतोय, घराजवळ पडतं. दुसरीने विचारलं, मॅडम, तुम्ही आराम का नाही करत एक वर्ष? एका वडिलांनी फारच सभ्यपणे विचारलं की वर्गात माझ्याबरोबर आणखी कुणी सर असतील का. चोवीस वर्षं मी शिकवतेय. तापात शिकवलंय, वडील गेले त्याच्या पंधराव्या दिवशी शिकवलंय. कुणी म्हटलं नव्हतं, मॅडम आराम करा. तीन आठवडे मजा केली, तेव्हा सगळ्यांना माझ्या तब्येतीची आठवण झाली. निम्मी बॅच गेली होती आणि उरलेली सोमवारी सुरू व्हायची होती. त्याआधी मला त्या मानसिक तणावाच्या ओळीचा निकाल लावायचा होता.

शनिवारी सकाळी घोडबंदर रोडला गेले. माजिवड्याला बस पाऊण तास उभी होती आणि तेवढ्या वेळात मी काय काय बोलायचं ते पक्कं केलं. घरात भाऊ आणि आई होते, वहिनी बाजारात गेली होती. मी बसलेसुद्धा नाही. "मानसिक तणाव कोणी लिहिलं?"

"अगं ताई, झालं ना आता. सोड ना."

"कोणी लिहिलं?"

"सेक्रेटरींनी लिहिलं. पण मीच हो म्हटलं." तो बुटाची नाडी बांधत होता, गाडी सर्व्हिसिंगला द्यायला निघाला होता. "ते म्हणाले, कारण टाकायला लागतं. नाहीतर लोक भलतंसलतं समजतात. एकटी बाई, लग्न न झालेली, परदेशात गायब. लोक काय बोलले असते, तूच सांग. कोणाबरोबर पळाली म्हणाले असते. म्हणून ते तणावाचं टाकलं. तुझ्या चांगल्यासाठीच गं."

म्हणजे माझी अब्रू वाचवायला त्यांनी माझं डोकं फिरवलं. दोनच कारणं त्यांच्या पोतडीत होती आणि त्यातलं बरं निवडून मला दिलं होतं. मला इतका संताप आला की पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "आता खरं काय ते लिही. ताई फिरायला गेली होती, तिला बरं नाही असं काही नव्हतं. तेवढंच."

त्याने फोन काढला, दोन शब्द टाइप केले आणि थांबला. "पण फिरायला, एवढंच? कारण काय टाकू?"

"हेच कारण."

"आता परत विषय काढला तर लोकांना वाटेल काहीतरी लपवतोय," तो म्हणाला, फोन खिशात टाकला आणि लिफ्टकडे गेला.

मी खुर्चीत बसले. आई माझ्याशेजारी येऊन बसली. ती म्हणाली, "मी सांगलं व्हतं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"ते आलं व्हतं ना लिवाला, सेक्रेटरी. मना इचारलं, काकू, पोरीला काय टेन्शन? मी सांगलं, टेन्शन बिन्शन काय नाय, तिला फिराची हौस हाय, म्हून गेली. नाय लिवलं त्यानी." तिने पदराने चष्मा पुसला. "तुजा भाव म्हनला, आईला आता काय कलत नाय."

एवढ्या मोठ्या टॉवरमध्ये एकीने खरं सांगितलं होतं आणि तिच्यासमोर बसून ते वगळलं होतं. आणि मी मात्र बसमध्ये बसून, या सगळ्यात आई काय म्हणाली असेल, हे एकदाही मनात आणलं नव्हतं.

मी तिला मिठागराचं सगळं सांगितलं. फळी कशी दाबली, चिखल कसा वर आला, त्या बाईने हात धरून कसं शिकवलं. आई हसली. म्हणाली, तिच्या सासूने तिला त्याच चुकीवर ओरडा दिला होता. मग तिने स्वतःचा फोन मला दिला. त्या फोनवर सोसायटीचा ग्रुप आहे आणि त्यावर ती रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवते, बाकी काही नाही. "मी सांगते तसंच लीव," ती म्हणाली. "एक सबूद तुजा नको."

मी लिहिलं. "माजी पोर हरवली नव्हती. ती आपल्या मर्जीनं फिराला गेली व्हती. तिनी तिकडं मीठ वडलं. तिला कसला तान नाय. तिला लय मजा आली." आईने डोळ्यांजवळ धरून सगळं वाचलं आणि स्वतःच्या बोटाने पाठवलं.

पहिलं उत्तर हात जोडल्याचं आलं. मग कुणीतरी लिहिलं, "काकू, विश्रांती घ्या." मग एक फूल. चौथं सेक्रेटरींचं होतं. "काकूंच्या कुटुंबीयांनी कृपया त्यांच्या प्रकृतीकडे लक्ष द्यावे. सदर मेसेज काढून टाकावा." मी ते आईला वाचून दाखवलं नाही, तिने स्वतःच वाचलं. वाचून झाल्यावर तिने फोन मांडीवर ठेवला आणि गॅलरीकडे बघत राहिली.

माझा फोन वाजला. भाऊ होता, गॅरेजमधूनच.

"ताई, आईच्या हातात फोन कोणी दिला? तिला कळतंय तरी का ती काय लिहितेय?"

मी फोन आईकडे दिला. तिने तो कानाला लावला आणि म्हणाली, "बोल. कलतंय मना."